बार एकच असतो, बाई

अगं, टर्कीच्या शिकारीला जायचं, तेही ठासणीची बंदूक घेऊन, असं म्हणालीस ना? जा, बिनधास्त जा. पण त्याआधी ताईच्या चार गोष्टी ऐकून घे.

आईला पटायला जरा वेळ लागेल. आपल्याकडे भारतात कायद्यानं शिकार बंद, त्यामुळे तिला हे सगळं भलतंच वाटणार. तिला इथली, अमेरिकेतली कथा सांग. मिसूरीत रानटी टर्की जवळजवळ संपल्या होत्या. १९३७च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळला, पुढे पक्षी जाळ्यात धरून नव्या रानांत सोडले, आणि १९६०मध्ये वसंतातली शिकार पुन्हा उघडली. आजही त्या हंगामात नर किंवा छातीवर दाढीसारखा झुपका दिसणारा पक्षीच मारता येतो.

आता बंदूक. आधी नळी रिकामी असताना निपलवर बार पेटवणाऱ्या एक-दोन टोप्या चढवून फोड, म्हणजे निपलमधलं तेल जळून जाईल. मग मोजलेली दारू, त्यावर पुठ्ठ्याची जाड चकती, मऊ गादी, छर्रे आणि शेवटी पातळ चकती. ठासायच्या गजानं सगळं घट्ट बसव. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. बार नीट बसला की गजावर खूण करून ठेव, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज करावा लागणार नाही. दारू ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. आत एखादी ठिणगी उरली असेल तर अख्खं शिंग तुझ्या हातात पेटेल. आणि दारू काळीच हवी. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा चालणार नाही. तोंड नळीवर कधी आणू नकोस. टोपी चढवायची ती जागेवर बसल्यावरच. टोपी फुटली पण बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर थांब.

जुन्या धाटणीच्या नळीला पुढे छर्रे एकत्र ठेवणारा चोक नसतो, छर्रे लवकर फाकतात. म्हणून हंगामाआधी कागदावर टर्कीचं डोकं काढ आणि पंधरा, वीस, पंचवीस यार्डांवरून बार मारून बघ. डोक्यात आणि मानेत पुरेसे छर्रे लागतात तेवढंच तुझं अंतर. मिसूरीत चार नंबरपेक्षा मोठे छर्रे चालत नाहीत, हेही ध्यानात ठेव.

रानात अंधार असतानाच पोच. नर रात्री झाडावर बसतो आणि फटफटताना ओरडायला लागतो. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बस, हाक काढायच्या लाकडी पेटीवर मादीचा आवाज काढ, मग गप्प राहा. फार वाजवू नकोस. त्याची नजर भयंकर तीक्ष्ण असते. बंदूक उचलायची तर त्याचं डोकं झाडाआड गेल्यावरच. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं आणि रानात तू एकटीच बंदूक घेऊन बसलेली नसतेस. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नकोस, मोठ्यानं बोल. ऐकू आलेल्या आवाजामागे दबकत जाऊ नकोस. तो आवाज माणसाचाही असू शकतो.

बार उडाला की समोर धुराचा पडदा येतो आणि क्षणभर काही दिसत नाही. तरी आधी बंदूक सांभाळ, मग पक्ष्याकडे जा. घरी आल्यावर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्यानं नळी धू. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते. हे काम नवऱ्यावर सोपवू नकोस, बंदूक तुझी आहे. पक्ष्याच्या मांड्या चिवट असतात. त्या मंद आचेवर रश्शात शिजव.

शेवटचं सांगते. ठरवलेल्या अंतरापलीकडे नर पिसारा फुलवून कितीही दिमाखात उभा राहिला, तरी चाप ओढू नकोस. जखमी पक्षी रानात सोडून येण्यापेक्षा रिकाम्या हातानं घरी ये.