आखाती बाजारातील अरबी : आधी आकडे, मग शब्द

नाशिक जिल्ह्यातील कांदा व द्राक्षे आखाती देशांत जातात. त्या निमित्ताने किंवा उमरा करून परतताना आपले अनेक व्यापारी बंधू तेथील बाजार पाहून येतात. दुबईत उर्दू-हिंदीवर बरेचसे निभावते. सौदी अरेबियात मात्र कराचे बीजक अरबीत असणे बंधनकारक आहे. तेथे न समजता मान हलविली तर नुकसान आपलेच. तिलावत करणाऱ्यास अक्षरे ओळखता येतात, पण बाजारातील बोली वेगळी शिकावी लागते. आमच्या मते सुरुवात आकड्यांपासून करावी.

लिहिलेले आकडे : अरबी पाच वाटोळा, आपल्या शून्यासारखा असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून वाटोळा व ठिपका म्हणजे ५०. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. उर्दू शिकलेल्यांनीही सावध राहावे, कारण चार, पाच व सहा यांची वळणे उर्दूत निराळी आहेत. अक्षरे उजवीकडून वाचतात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून. अरब लोक या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बोललेले आकडे : वाहिद, इस्नैन, सलासा, अरबआ, खमसा, सित्ता, सबआ, समानिया, तिसआ, अशरा. वीस म्हणजे इशरीन, शंभर म्हणजे मिया, हजार म्हणजे अल्फ. पंचवीसला 'खमसा व इशरीन', म्हणजे 'पाच आणि वीस' म्हणतात. आपल्या 'पंचवीस'मध्येही पाच आधी व वीस नंतर येतात, त्यामुळे मराठी माणसास ही रीत सोपी जाते. सबईन (७०) व तिसईन (९०) कानाला जवळचे वाटतात; तेथे पुन्हा विचारावे.

कामाचे शब्द : 'बिकम?' म्हणजे कितीला? 'रखीस' म्हणजे स्वस्त, 'नक्द' म्हणजे रोख. ग्राहक 'गाली' म्हणाला तर रागावू नये, तो भाव महाग आहे एवढेच सांगत असतो. कांदा 'बसल', द्राक्षे 'इनब', कापड 'कुमाश'. दुकान, हिशेब, बाकी हे शब्द तर थोड्या फरकाने तेच आहेत.

पण ओळखीचे शब्दच कधी फसवितात. अरबीत 'रकम' म्हणजे आकडा किंवा नंबर. कोणी रकम मागितली तर त्याला बहुधा फोन नंबर हवा असतो, पैसे नव्हेत. 'करार' म्हणजे निर्णय. आपल्या अर्थाचा करार म्हणजे 'अक्द'. 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तक्रार नव्हे.

सौदा ठरताना समोरचा 'इन्शाअल्लाह' म्हणाला, तरी भाव, वजन व मालाची तारीख कागदावर घ्यावी. यात अविश्वास नाही. सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचाच आदेश आहे. मोबाईल भाषांतर करून देतो, परंतु आकडा दोघांनी लिहून एकमेकांस दाखवावा हे उत्तम.

प्रवासास निघण्यापूर्वी महिनाभर रोज पाच शब्द पाठ करावेत. आपला माल, वजन व दर यांची अरबी-मराठी चिठ्ठी जाणकाराकडून तपासून खिशात ठेवावी. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.