साधी सायकलच घ्या

घरच्यांबरोबर फिरायला सायकल घ्यायची तर दुकानात शिरण्याआधी घरीच एक गोष्ट ठरवून टाकावी: ही सायकल कुठे आणि कुणाबरोबर चालणार? बहुतेकांचा बेत असा असतो. रविवारी सकाळी तळ्यापर्यंत किंवा टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं, वाटेत चहा-पोहे, बरोबर आठ-नऊ वर्षांचं मूल. म्हणजे अंतर फार तर आठ-दहा किलोमीटर, रस्ता डांबरी नाहीतर काँक्रीटचा, आणि वेग घरातल्या सगळ्यांत लहान भिडूचा. एवढं स्पष्ट झालं की आठ-दहा हजारांच्या सायकलींच्या रांगेत जे डोळ्यांत भरतं, त्यातलं बरंचसं आपल्या उपयोगाचं नाही हे कळू लागतं. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, या किमतीत साधीच सायकल घ्यावी. सस्पेन्शन नसलेली, बिनगिअरची किंवा फार तर फक्त मागे सात गिअर असलेली. पैसे मोजायचे ते चांगली चाकं, चांगले ब्रेक आणि योग्य माप यांसाठी.

याचं कारण हिशेबातच आहे. पुढेमागे सस्पेन्शन, दोन डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि मोटारसायकलला शोभतील असे जाड टायर, हे सगळं साध्या सायकलीच्याच किमतीत द्यायचं तर कारखानदाराला कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. तो घेतला जातो गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी: हब आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये, रिममध्ये, केबलमध्ये, पेडलमध्ये. शिवाय जे दिसतं तेही नावापुरतंच असतं. स्वस्त सस्पेन्शन म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग. तिचं उसळणं आवरणारी तेलाची योजना तिच्यात नसते. पेडलवर जोर दिला की ती दबते, आणि चाकाकडे जायची ताकद थोडी थोडी तिथेच जिरते. गिअरचंही तसंच. केबल सैलावली की चेन दात्यांवरून उड्या मारायला लागते. सायकल उजव्या अंगावर आपटली तर चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकते. तशीच दामटली तर डिरेलर स्पोकमध्ये अडकण्याची भीती. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला चाकाचा आऊट झकास काढून देईल, पण गिअरचं काम प्रत्येकाला जमतंच असं नाही. मग सायकल जिन्याखाली जाऊन पडते.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो मुलांवर. आठ वर्षांच्या मुलाचं वजन साधारण २५ किलो. त्याच्यासाठी घेतलेली २० इंची चाकाची, दोन्हीकडे स्प्रिंग असलेली सायकल १३-१४ किलोची सहज भरते, म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. ६५ किलोच्या माणसाला याच प्रमाणात सायकल दिली, तर ती ३५ किलोंच्या आसपास जाईल. तेवढं धूड आपण चढावर रेटू का? मूल दहा मिनिटांत दमलं की आपण त्याच्या स्टॅमिन्याला नावं ठेवतो. दोष खरं तर आपल्या निवडीचा असतो. म्हणून मुलांची सायकल घेताना ती एका हाताने उचलून पाहावी आणि दोन सायकलींत हलकी असेल तिच्याकडे झुकावं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘गिअर नसला तर चढ कसा चढायचा?’ आक्षेप रास्त आहे, पण थोडं गणित करून पाहू. समजा, चाक २६ इंची आहे, पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ५० फेरे, म्हणजे अगदी रमतगमत मारले, तरी वेग होतो ताशी १५ किलोमीटर. बरोबरचं मूल ताशी दहाच्या आसपास चालवणार. तेव्हा सपाट रस्त्यावर मोठ्यांना गिअर अपुरे पडण्याचा प्रश्नच येत नाही. नागपूर, सोलापूरसारख्या बऱ्याचशा सपाट गावांत बिनगिअरची सायकल निर्धास्त घ्यावी. रत्नागिरीसारख्या चढउतारांच्या गावी राहत असाल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर पुढे एकच चक्र आणि मागे सात गिअर हा मधला मार्ग बरा. पुढची तीन चक्रं आणि तिथला डिरेलर टळला की बिघडण्याची एक जागा कमी होते. आणि एखादा चढ उतरून, सायकल हातात धरून चालत चढला, तर त्यात कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप खड्ड्यांचा. आपल्या रस्त्यांची कीर्ती पाहता सस्पेन्शन हवंच, असं दुकानदार सांगतो. पण २८ इंची चाकांच्या काळ्या रोडस्टर सायकलींनी दुधाच्या किटल्या आणि गवताचे भारे लादून पिढ्यान् पिढ्या कच्चे रस्ते तुडवले, ते सस्पेन्शनशिवायच. धक्का मुख्यतः टायरातली हवा सोसते. पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर आणि योग्य हवा असली की शहरातल्या खड्ड्यांना पुरते. किती हवा भरायची ते टायरच्याच अंगावर छापलेलं असतं. टायर मात्र कमी खाचांचा घ्यावा; मोठ्या गुटक्यांचा टायर डांबरावर घरघरतो आणि सायकल जड चालते.

आता पैसे कुठे मोजायचे ते पाहू. दुकानात जाताना खिशात एक लहानसं चुंबक ठेवावं. रिमला ते चिकटलं तर रिम पोलादी, नाही चिकटलं तर अलॉयची. रिमवर रबर दाबणारे ब्रेक असतील तर हा फरक जिवाचा आहे, कारण पोलादी चकचकीत रिम पावसात भिजली की ब्रेकची पकड फार कमी होते, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने पावसाचे. मग चाक उचलून फिरवावं आणि ब्रेकचं रबर व रिम यांच्यातल्या फटीकडे नजर ठेवावी. फट कमीजास्त होत असेल तर आऊट काढल्याशिवाय सायकल ताब्यात घेऊ नये. क्रँक धरून आडवी हलवावी, खडखड नको. मुलाच्या बोटांना ब्रेकची मूठ पुरते का, तेही त्यालाच दाबायला लावून बघावं.

मापाच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाची घेऊ, दोन वर्षं चालेल’ हा विचार कपड्यांना ठीक, सायकलीला घातक. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि अंग यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहायलाच हवं, आणि नवशिक्या मुलाचे पाय सीटवर बसूनही जमिनीला लागायला हवेत. मूल वाढलं की सायकल विकता येते. लहान मुलांच्या सायकली फारशा न झिजताच हातोहात फिरतात, आणि म्हणूनच जुनी घेण्यातही शहाणपण आहे.

‘पण मुलाला तर गिअरचीच हवी’, हा शेवटचा आक्षेप. मुलाच्या पसंतीला मान जरूर द्यावा, रंगात, घंटीत, बास्केटमध्ये. ब्रेक आणि वजन यांचा निर्णय मोठ्यांनीच करायचा असतो. ऑनलाइन खोक्यातून येणाऱ्या सायकलीचे हँडल, ब्रेक, पेडल अनेकदा आपल्यालाच बसवावे लागतात, तेव्हा स्वस्ताईच्या हिशेबात मिस्त्रीची मजुरी धरा. आणि ठरवलेल्या रकमेतून हेल्मेट, पंप व कुलपाचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्या पैशांत सायकल निवडा. खरेदीला घरातल्या सगळ्यांना घेऊन जा आणि ज्याची सायकल त्याने चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.