पगार कोण देत होतं ते बघ

पांढरकवडा, जि. यवतमाळ

चि. सागर,

तू रणगाडा दलाच्या प्रशिक्षणासाठी अहिल्यानगरला पोचल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. तिथं तुम्हाला सवार म्हणतात हे ऐकल्यापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते आहे, मग पोराला घोडा कधी देणार?

रेजिमेंट पुढं जी मिळेल तिच्या लढाया, पदकं, तारखा तुमच्याकडून पाठ करून घेतील. त्या कर. पण सोबत एक गोष्ट स्वतः शोध: सुरुवातीला या लोकांचा पगार कुठून येत होता?

डेक्कन हॉर्स रेजिमेंटचंच घे. निजामाच्या पदरी घोडेस्वार आधीपासून होते. १८१६ च्या सुमारास हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यानं त्यांच्यावर इंग्रज अधिकारी बसवले, त्यात कॅप्टन डेव्हिस मुख्य. खर्च निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. हीच फौज पुढं हैदराबाद कंटिन्जंट झाली. अचलपूर, हिंगोली, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई) इथं तिच्या छावण्या होत्या.

रिसाला शिलेदारी पद्धतीचा. घोडा स्वाराचा, खोगीर त्याचं, दाणावैरणही त्यानंच बघायची; सरकारनं महिन्याचा पगार तेवढा द्यायचा. ज्याच्याकडे घोडे जास्त, तो त्यावर बारगीर बसवी आणि त्यांच्या पगारातला वाटा घेई. अशा माणसाचा पगार थकला की पेरणीच्या तोंडावर बैल गेलेल्या शेतकऱ्यासारखी त्याची गत. आणि पगार थकायचाच. निजामाची तिजोरी कायम खडखडीत. आधी सावकारांकडून उचल, मग ईस्ट इंडिया कंपनीकडून. कर्ज पन्नास लाखांच्या घरात गेलं तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीनं मे १८५३ मध्ये तह करवून घेतला. किमान पाच हजार पायदळ आणि दोन हजार घोडेस्वार पोसायचे, आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात द्यायचा. वणी, केळापूर, दारव्हा, यवतमाळ, सगळं त्यात आलं. म्हणजे पुढची पन्नासएक वर्षं आपल्या काळ्या रानाच्या शेतसाऱ्यावर त्या घोड्यांची चंदी चालली! पदकांच्या यादीत हे सापडायचं नाही, म्हणून लिहितो.

बाकीचं थोडक्यात. १९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या कायम खंडावर गेला, १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिचे रिसाले हिंदी सैन्यात घेतले, आणि त्यांतले दोन १९२१ मध्ये एक होऊन आजची डेक्कन हॉर्स उभी राहिली.

डेव्हिसचा शेवट मात्र घाईनं वाचू नकोस. १८२७ साली मोमिनाबादला दाढ्या काढण्याच्या हुकुमावरून काही स्वार बिथरले. तो त्यांची समजूत घालायला गेला आणि तिथंच मारला गेला. त्याच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात; मला तो हुकूम खटकतो. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेल्या माणसाला आपण विकत घेतलेला नोकर समजलं, की असं होतं. उद्या दफेदार झालास तर हाताखालच्या पोरांची घरं, रीतभात, कर्ज माहीत करून घे. नियम बदलणं तुझ्या हातात नसेल, पण कारण सांगणं असतं.

सुटी मिळाली की तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय बघ. गनर, ड्रायव्हर की ऑपरेटर, काय मिळालं ते कळव. आणि पहिला पगार आईच्या खात्यावर टाक, बाबांच्या नको. का, ते तुला ठाऊक आहे.

तुझा,
काका