वरिष्ठांचे मौन आणि कर्त्याचा उत्साह

पुष्कळ गृहस्थांच्या मनात एक शल्य असते. काम वेळेवर केले, हिशेब बिनचूक ठेवला, तरी कचेरीतील साहेब चांगला शब्द बोलत नाहीत. चूक झाली की मात्र तत्काळ बोलावणे येते. अशा वेळी मन खिन्न होणे स्वाभाविक आहे. खरा धोका त्यापुढील पायरीवर आहे.

निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहणाऱ्या एखाद्या कारकुनाचे उदाहरण घ्यावे. वर्षानुवर्षे तो प्रत्येक कागद बारकाईने तपासतो. साहेब मुकाट्याने सही करतात. एके दिवशी त्याच्या मनात येते, ‘एवढे करून कोणाला त्याचे काय?’ आणि हातातील कागद तो उद्यावर टाकतो. तो कागद एका विधवेचा असतो. तिच्या घरची चूल त्यावर अवलंबून असते. रुसवा साहेबांवर आणि दंड त्या निरपराध स्त्रीला!

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक बहुतेकांना पाठ असतो. पण फळाची आशा धरू नये, एवढेच लक्षात राहते. त्याच्या चौथ्या चरणात भगवंतांनी कर्म न करण्याच्या आसक्तीचाही निषेध केला आहे. स्तुती हेही एक फळच होय. ते मिळाले नाही म्हणून हात आखडणाऱ्याला फळाची आसक्ती तर होतीच. आता अकर्माचीही जडली.

येथे शंका येते की, स्तुतीवाचून उत्साह कोठून यावा? अठराव्या अध्यायातील २६ व्या श्लोकात सात्त्विक कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत. तो आसक्तिरहित असतो, तरीही धैर्य व उत्साह यांनी युक्त असतो. म्हणजे अनासक्ती आणि उत्साह यांत विरोध नाही. त्याच अध्यायातील ४६ वा श्लोक या उत्साहाचे मूळ दाखवितो : स्वकर्म हीच परमेश्वराची पूजा. पूजा करणारा फुले वाहताना शाबासकीची वाट पाहत नाही. फूल सुकलेले नाही ना, एवढेच पाहतो. त्या कारकुनानेही कागद पुढे सरकविताना एवढेच पाहावे.

साहेबांशी बोलूच नये, असा याचा अर्थ नाही. ‘या कामात काही उणे राहिले काय?’ असे नम्रपणे विचारावे. स्तुती मागणे ही याचना. उणीव विचारणे ही जिज्ञासा. शिवाय कित्येकांचे मौन हे अवकृपेचे नसून केवळ स्वभावाचे असते.

शेवटी प्रत्येक गृहस्थाने स्वतःकडे पाहावे. कचेरीत जो स्तुतीसाठी तळमळतो, तोच घरी मुकाट्याने जेवून उठतो. स्वयंपाकात मीठ कमी पडले तरच बोलतो. सतराव्या अध्यायातील १५ व्या श्लोकात सत्य, प्रिय व हितकर भाषणाला वाणीचे तप म्हटले आहे. स्तुतीची अपेक्षा सोडणे हे स्वतःसाठी. यथार्थ गौरव करणे हे दुसऱ्यासाठी. साहेबांचे मौन आपल्या हाती नाही. आपल्या घरातील मौन मात्र आजच्या जेवणाच्या वेळीच मोडता येईल.