बिब्ब्याची फुले

घराच्या किंवा दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगलेली तुम्ही पाहिली असेल. त्या दोऱ्यात पुष्कळदा एक काळे, चकचकीत, टणक फळ ओवलेले असते. तो बिब्बा. जुळत आलेल्या कामात कुणी विघ्न आणले, की ‘त्याने मध्येच बिब्बा घातला’ असे मराठी माणूस म्हणतो. या वाक्प्रचारावरूनच बिब्ब्याविषयी लोकांच्या मनात किती धास्ती आहे, ते कळून येते.

ही धास्ती निराधार नाही. बिब्ब्याच्या कवचात डांबरासारखे दाट तेल असते. ते अंगाला लागले, तर लगेच काही जाणवत नाही. पण काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, सुजते आणि तिच्यावर पाण्याने भरलेले फोड येतात. यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. एकदा बिब्बा उतलेल्या माणसाला पुढच्या वेळी थोड्याशा स्पर्शानेही अधिक त्रास होऊ शकतो. संस्कृतात या झाडाला भल्लातक म्हणतात. ‘अरुष्कर’, म्हणजे व्रण करणारा, हेही त्याचेच नाव. हिंदी प्रदेशात तो भिलावा होतो. हे तेल हवा लागली की काळे पडते आणि कापडावर पडलेला त्याचा डाग धुतल्याने जात नाही. म्हणून धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करीत आणि वर चुन्याचा हात देत. झाडाच्या शास्त्रीय नावातील ‘सेमेकार्पस’ या ग्रीक शब्दांवरून बनलेल्या पदाचा अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच आहे.

अशा झाडाला खाण्याजोगे काही लागत असेल, यावर सहसा कुणाचा विश्वास बसणार नाही. पण हिवाळ्यात मध्य भारतातील पानझडी जंगलांत बिब्बा पिकतो, तेव्हा प्रत्येक काळ्या फळाच्या वरच्या बाजूस, देठाशी, नारिंगी-पिवळ्या रंगाचा मांसल गोळा दिसतो. विदर्भातील गोंड आणि कोरकू वस्त्यांतील मुलांना तो चांगला ओळखीचा असतो. लोक त्याला ‘बिब्ब्याचे फूल’ म्हणतात, परंतु ते फूल नव्हे. फुलाचे देठ आणि पुष्पासन फुगून हा गर तयार होतो. काजूच्या बोंडाचीही रचना अशीच असते. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. गर खाणाऱ्याने खुशाल खावा, बी मात्र टाकून द्यावे, अशीच जणू झाडाची योजना असते.

माणूस या योजनेच्या पुढे गेला. फूल पूर्ण पिकलेलेच घ्यायचे, कच्च्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मग काळे फळ न चिरडता फूल अलगद वेगळे करायचे. ताजे फूल तुरट लागते व घशाला खवखवते. म्हणून ते भाजून किंवा उन्हात वाळवून खातात. वाळलेली फुले काळपट, सुरकुतलेली दिसतात आणि चवीला गोड असतात. हे सारे पुस्तकातून शिकता येत नाही. आजी फळ कसे धरते, कोणते बाजूला टाकते, हे नात शेजारी बसून पाहते. ज्याला ही ओळख नाही, त्याने या झाडाच्या वाटेस जाऊ नये, हेच बरे.

कवचाच्या आतील पांढरे बीज म्हणजे गोडंबी. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत खारीक-खोबऱ्याबरोबर गोडंबी घालतात. (कर्नाटकात मात्र दुकानात ‘गोडंबी’ मागितली, तर काजू मिळेल!) ही गोडंबी काढणे फुले वेचण्याहून कितीतरी जोखमीचे असते. फोडणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. हाताला राख किंवा तेल लावून त्या दगडावर एकेक बिब्बा ठेवतात आणि दुसऱ्या दगडाने नेमका घाव घालतात. तेलाचा थेंब कधी मनगटावर उडतो, कधी चेहऱ्यावर. बोटे काळी पडतात, कातडी सोलते. बिब्बे भाजले, तर त्यांचा धूरही बाधतो. त्यामुळे घरातील लहान मुलांना त्या वेळी दूर बसवावे लागते.

वनहक्क कायदा, 2006 नुसार जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना बिब्ब्यासारखे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार मोलाचा आहे. परंतु फोडणीचे काम त्याने सोपे झाले नाही. फोडणाऱ्या बाईचे मोल गोडंबीच्या वजनावर ठरते, आणि एक मूठ गोडंबी निघायला कितीतरी बिब्बे फोडावे लागतात. हाताला फोड आले, की काही दिवस काम बंद ठेवावे लागते आणि त्या दिवसांची मिळकतही बुडते. फुलांचे तसे नाही. ती वेचायची, वाळवायची आणि आठवडी बाजारात टोपलीत मांडून बसायचे. उरली तर घरची मुले आहेतच.