विकसनशील अर्थव्यवस्थेतील छोटे व्यवसाय : गगनबावडा तालुक्याच्या संदर्भात एक विचार

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत 'लघुउद्योग' या प्रकरणाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम व्याख्या, मग महत्त्व, मग समस्या आणि शेवटी उपाय. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. परंतु या प्रकरणातील 'भांडवलाची टंचाई', 'बाजारपेठेचा अभाव' यांसारखे शब्द प्रत्यक्षात कसे दिसतात, हे पाहावयाचे असेल तर पुस्तकातून डोके वर काढून आपल्याच गावाकडे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात मी तसा प्रयत्न केला आहे. मी गगनबावडा तालुक्यातला. आमच्या घरी भाताची गिरणी आहे आणि तिच्या जोडीला किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. त्यामुळे या विषयाकडे मी विद्यार्थी म्हणून जसा पाहतो, तसाच त्यावर पोट असलेल्या घरातला मुलगा म्हणूनही पाहतो.

व्याख्येचा प्रश्न

छोटा व्यवसाय कोणाला म्हणावे? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाने याचे उत्तर गुंतवणुकीच्या आधारे दिले. २०२० पासून गुंतवणुकीबरोबर वार्षिक उलाढालही विचारात घेतली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादेप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असेल, तर तो उपक्रम 'सूक्ष्म' ठरतो.

आता असे पाहा. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत दोन कोटींची यंत्रे बसवलेला कारखाना आणि आमच्याकडे कोयता व दोन हात एवढ्याच भांडवलावर सुपे-टोपल्या विणणारा बुरूड, हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने एकाच कप्प्यात बसतात. एका कप्प्यात बसले म्हणून दोघांच्या गरजा एक होत नाहीत. धोरणाचा लाभ कागदपत्रे सांभाळू शकणाऱ्याला आधी मिळतो, याचे एक मूळ मला येथे दिसते.

अर्थव्यवस्थेतील स्थान

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशात अशा उपक्रमांची संख्या सुमारे ६ कोटी ३४ लाख होती आणि त्यांत ११ कोटींहून अधिक लोकांना रोजगार मिळत होता. यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक उपक्रम सूक्ष्म होते व निम्म्याहून थोडे अधिक ग्रामीण भागात होते. म्हणजे एका उपक्रमामागे सरासरी दोन माणसेही धड येत नाहीत. याचा अर्थ आपण ज्याला 'क्षेत्र' म्हणतो, ते बव्हंशी एकेक कुटुंबच आहे.

विकसनशील देशात भांडवल दुर्मिळ आणि श्रम विपुल असतात. अशा परिस्थितीत थोड्या भांडवलात अधिक हातांना काम देणारे व्यवसाय महत्त्वाचे ठरतात, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा विकेंद्रीकरणाचा. मोठा कारखाना पाणी, वीज, रेल्वे व बाजारपेठ जेथे असेल तेथे जातो. छोटा व्यवसाय माणूस जेथे असेल तेथे उभा राहतो. तिसरा मुद्दा शेतीतील प्रच्छन्न बेकारीचा. दोन एकर भातशेतीत चार भाऊ राबतात, पण त्यांतले दोघे बाजूला झाले तरी पीक कमी येत नाही. त्या दोघांना गावातच सामावून घेणारी जागा म्हणजे दुकान, गिरणी, गॅरेज, शिवणयंत्र किंवा चहाची टपरी.

गगनबावड्याची परिस्थिती

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर गगनबावडा वसले आहे. येथून एक वाट करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरते, तर दुसरी भुईबावडा घाटाने कोकणात जाते. लोकसंख्येने हा जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका. पावसाने मात्र सर्वांत मोठा. काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. भात, नाचणी आणि ऊस ही मुख्य पिके. वेसरफ-पळसंबे येथील साखर कारखाना हा तालुक्यातला मोठा उद्योग. बाकी सारा कारभार छोट्या व्यवसायांचाच.

व्यापाराचा विचार या भूमीला नवा नाही. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याला व्यापाऱ्याची गरज असते, म्हणून त्याला संरक्षण व सन्मान द्यावा, असा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वी मांडलेला हा विचार आजच्या तालुक्याला लावून पाहिला, तर व्यापाऱ्याला कशापासून संरक्षण हवे आहे, हा प्रश्न उरतो. मला त्याची चार उत्तरे दिसतात.

अडचणी

पहिली अडचण खेळत्या भांडवलाची. दुकानदाराचा पैसा बुडतो त्यापेक्षा अडकतो अधिक. उदाहरणार्थ, एका दुकानदाराजवळ ६०,००० रुपयांचे भांडवल आहे आणि माल महिन्यातून तीनदा फिरतो, असे समजू. म्हणजे महिन्याला १,८०,००० रुपयांची खरेदी झाली. त्यावर दहा टक्के नफा धरला तर १८,००० रुपये सुटतात. आता त्यातले २०,००० रुपये गिऱ्हाइकांच्या वहीत कायमचे अडकले, तर फिरते भांडवल ४०,००० उरते आणि नफा १२,००० वर येतो. एक पैसाही बुडालेला नाही, तरी उत्पन्न एक-तृतीयांशाने घटले! उधारी बंद करावी, असे सांगणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक शेतकरी आहे, त्याचा पैसा ऊसबिलाला किंवा भात विकल्यावर येतो. गावात उधारी नाकारणारे दुकान चालत नाही आणि उधारी देणारे वाढत नाही.

दुसरी अडचण हप्त्याची. आमच्या भागात व्यवसायाला ऋतू आहे. गिरणीवर भात येते ते सुगीनंतर. आषाढ-श्रावणात पट्टा क्वचितच फिरतो. वीज जाते, कोंड्याला दमटपणा येतो, वाट निसरडी होते. समजा, यंत्राच्या कर्जाचा हप्ता दरमहा ६,५०० रुपये आहे. वर्षाचे ७८,००० झाले. पण गिरणीला खरे काम आठच महिने असेल, तर त्या आठ महिन्यांत प्रत्येकी ९,७५० रुपये बाजूला काढावे लागतात. पीककर्जाची फेड पिकाच्या हंगामाला जोडलेली असते. त्याच पिकावर चालणाऱ्या गिरणीचे कर्ज मात्र कॅलेंडरच्या महिन्याला जोडलेले असते. आमच्या घरी दर पावसाळ्यात दुकानाचे भांडवल काढून गिरणीचा हप्ता भरला जातो आणि दिवाळीला दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसतात. नेमके गिऱ्हाईक येते तेव्हा माल नसतो. या एका गोष्टीमुळे वर्षाचे गणित बिघडते.

तिसरी अडचण रस्त्याची. घाटमाथ्यावरील चहा-वड्याची हॉटेले, पंक्चर काढणारी दुकाने, फळे-भाज्या विकणाऱ्या बायका हे सारे वाहत्या रस्त्यावर जगतात. गगनगडावर येणारे भाविक आणि पावसाळी पर्यटक हे त्यांचे गिऱ्हाईक. २०२४ साली रस्त्याच्या काँक्रिटीकरणासाठी करूळ घाट दीर्घकाळ वाहतुकीस बंद राहिला. रस्ता चांगला होणे सर्वांच्याच हिताचे, यात शंका नाही. परंतु रस्त्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात डांबर, सिमेंट, खडी यांचा हिशेब असतो. त्या काळात थंड पडलेल्या चुलीचा नसतो. पुराच्या दिवसांत मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर आले की कोल्हापूरची बाजूही बंद होते. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाला २०१६ साली मंजुरी मिळाली. गाडी अद्याप धावलेली नाही.

चौथी अडचण बदलत्या मागणीची. सूप, रोवळी, टोपली, कणगी आणि भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचे इरले ही बुरूडकामाची ठरलेली गिऱ्हाइकी होती. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली, कणगीची पत्र्याच्या कोठीने. वस्तू वाईट होती म्हणून नव्हे, तर दुसरी स्वस्त आणि हाताशी मिळाली म्हणून. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला. कच्च्या मालाची वाट त्यामुळे मोकळी झाली. तयार मालाची वाट कोणी मोकळी करावयाची, हा प्रश्न तसाच राहिला.

शासकीय धोरण

छोट्या उद्योगांकडे शासनाने दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर, १९५५ साली कर्वे समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार मांडला. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यास सुरुवात झाली. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे स्थापन झाली, १९९० मध्ये भारतीय लघुउद्योग विकास बँक आली, २०१५ मध्ये मुद्रा योजना आली.

यांतील आरक्षणाचा अनुभव बोधप्रद आहे. सुरुवातीला ४७ असलेल्या राखीव वस्तूंची संख्या पुढे आठशेच्या वर गेली. परंतु या संरक्षणाची अट 'लहान राहणे' ही होती. जो वाढेल त्याचे संरक्षण जाईल, मग वाढायचे कशाला? शिवाय परदेशी माल मोकळेपणाने येऊ लागल्यावर या आरक्षणाला अर्थ उरला नाही. २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूंवरील आरक्षणही उठवण्यात आले.

२००६ च्या कायद्यातील एक तरतूद मला अधिक मोलाची वाटते. सूक्ष्म वा लघु उपक्रमाकडून माल घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायद्याने रोग बरोबर ओळखला. पण हे औषध उत्पादकासाठी व सेवा देणाऱ्यासाठी आहे. २०२१ पासून व्यापाऱ्यांना नोंदणी करता येते, ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. गावातल्या दुकानदाराच्या वहीला या तरतुदीचा आधार नाही.

दुधाचा धडा

मग छोटा व्यवसाय यशस्वी होतच नाही काय? आपल्याच जिल्ह्यात याचे उत्तर आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाशी, म्हणजे आपल्या 'गोकुळ'शी, गावोगावच्या दूध संस्था जोडल्या आहेत. दोन म्हशी पाळणारे घर हा खरे तर सूक्ष्म उपक्रमच. त्या घराला ना जाहिरात करावी लागते, ना गिऱ्हाईक शोधावे लागते. सकाळ-संध्याकाळ दूध घेतले जाते, प्रतीप्रमाणे दर ठरतो आणि ठरावीक दिवसांनी बिल मिळते. आमच्या दुकानाच्या वहीतही दूध घालणाऱ्या घराची उधारी बिलाच्या दिवशी चुकती होते, असा माझ्या वडिलांचा अनुभव आहे.

दूध उत्पादक बुरुडापेक्षा अधिक कष्टाळू आहे काय? मुळीच नाही. फरक तीन गोष्टींचा आहे : माल दाराजवळ गोळा होतो, खरेदीची हमी असते आणि पैसा वेळेवर येतो. उत्पादन लहान राहिले, पण विक्री मोठी झाली. हे काम एकट्याने होण्यासारखे नव्हते. ते संस्थेने केले. सहकारात गटबाजी शिरते, सभासद केवळ मतापुरता उरतो, हे दोष सर्वांना ठाऊक आहेत. तरीही या तीन गोष्टींना दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

हाच नियम इतर व्यवसायांना लावता येईल. नाचणीचे पीठ आणि पापड, बांबूच्या वस्तू, करवंद-जांभळाचे पदार्थ हे सारे आज घरोघरी होते. परंतु ते गोळा करणारी, प्रत ठरवणारी व रोख पैसे देणारी व्यवस्था दुबळी आहे. महिला बचत गटांनी यात पाऊल टाकले आहे. त्यांना प्रदर्शनातील एका दिवसाच्या टेबलापेक्षा वर्षभराच्या खरेदीदाराची अधिक गरज आहे. कर्जाच्या बाबतीत बँकांनी व पतसंस्थांनी हप्ता हंगामाला जोडावा. यात व्याज माफ करण्याची मागणी नाही. केवळ फेडीचे महिने बदलण्याची आहे. आणि रस्ता दीर्घकाळ बंद ठेवावा लागेल तेव्हा त्या रस्त्यावरील व्यावसायिकांचे हप्ते तेवढे महिने पुढे ढकलावेत.

गगनबावड्यासाठी हा प्रश्न आणखी एका कारणाने निकडीचा आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना २०१४ पासून वेळोवेळी निघाली आहे. तिच्यात खाणकामावर आणि अति प्रदूषणकारी उद्योगांवर बंदी प्रस्तावित आहे. हे डोंगर आणि हे पाणी राखले पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. पण मग येथे मोठा कारखाना येईल, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. आमच्या तालुक्याला पर्याय दोनच : छोटे व्यवसाय सशक्त करणे, किंवा तरुणांनी पुण्या-मुंबईची एसटी धरणे.

समारोप

छोट्या व्यवसायाची अडचण त्याच्या लहानपणात नाही. ती माल दिल्यापासून पैसा हाती येईपर्यंतच्या काळात आणि उत्पन्नाचा महिना व हप्त्याचा महिना यांच्या अंतरात आहे. हे अंतर कमी करणारे कोणतेही धोरण चांगले, आणि ते न पाहणारे अनुदान कितीही मोठे असले तरी अपुरे, असे माझे मत बनले आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे दुकान, गिरणी, गोठा किंवा शिवणयंत्र असेल. पदवी हाती आली की त्याकडे पाठ फिरवण्याची आपल्याकडे रीत आहे. नोकरी अवश्य करावी. परंतु त्याआधी एकदा घरच्या व्यवसायाची वर्षाची वही घेऊन बसावे, कोणत्या महिन्यात पैसा येतो व कोणत्या महिन्यात जातो, याचा तक्ता मांडावा. आपण तीन वर्षे शिकलेल्या अर्थशास्त्राचा तो पहिला उपयोग ठरेल. मी आमच्या गिरणीचा तक्ता मांडला आहे, आणि हप्ता हंगामाप्रमाणे बांधून मिळावा असा अर्ज वडिलांच्या सहीने बँकेत दिला आहे. उत्तर यावयाचे आहे.