सामायिक संगणकावरील प्रोग्रामचे फोल्डर व त्यांच्या परवानग्या

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यातील प्राथमिक शाळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांचे पालक कारखान्यांत काम करतात. हा पाठ घेताना शिक्षकांनी त्यांच्याच घरच्या अनुभवापासून आरंभ करावा. कामगार हत्यारखान्यात टोकन देऊन मोजमापाचे गेज घेतो, त्याने सुटे भाग तपासतो व काम झाले म्हणजे ते परत करतो. गेज वापरण्याचा त्याला अधिकार आहे. ते कानसेने घासण्याचा नाही. एकाने ते घासले, तर त्यापुढे तपासलेला प्रत्येक भाग चुकतो, आणि ही चूक बराच काळ कोणाच्या ध्यानीही येत नाही.

शाळेच्या संगणकावरील प्रोग्राम हे असेच गेज होय. त्याच यंत्रावर मुख्याध्यापक निकालपत्रके तयार करतात, शिक्षक पाठ दाखवितात आणि मुले चित्रे काढतात. प्रोग्रामची फाइल कोणालाही बदलता येत असेल, तर तिच्या जागी भलतीच फाइल ठेवणेही कोणाला अशक्य नाही. पुढे मुख्याध्यापकांनी तो प्रोग्राम उघडला म्हणजे ती भलती फाइल त्यांच्या अधिकाराने चालू लागते. मुलाच्या खात्यातून जे गुणांचे तक्ते उघडता येत नव्हते, ते आता तिच्या हाती पडतात.

एका यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे, ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली ज्या युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, तिच्यातील परवानग्यांची रीत पुढे लिनक्सनेही घेतली. प्रत्येक फाइलीच्या संबंधात तीन पक्ष मानले जातात : मालक, गट व इतर. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे व चालविणे यांपैकी जे द्यावयाचे ते देता येते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १ असे अंक धरून त्यांची बेरीज करतात. म्हणून ७५५ याचा अर्थ मालकाला सर्व अधिकार, गटाला व इतरांना केवळ वाचणे आणि चालविणे. तिसरीच्या मुलालाही ही बेरीज फळ्यावर करता येईल.

मात्र फोल्डरच्या बाबतीत या शब्दांचे अर्थ पालटतात, व येथेच जाणत्या माणसांचीही फसगत होते. फोल्डर ‘वाचणे’ म्हणजे आतील नावे पाहणे. ‘चालविणे’ म्हणजे आत शिरणे. आणि ‘लिहिणे’ म्हणजे आत फाइल घालणे, काढणे अथवा तिचे नाव बदलणे. एखादी फाइल कोणालाही लिहिता येणार नाही अशी ठेवली, पण तिचा फोल्डर सर्वांना लिहिण्यास मोकळा सोडला, तर ती फाइल कोणीही काढून टाकील व त्याच नावाची दुसरी तेथे ठेवील. कपाटाला कुलूप लावून कपाटच उचलून नेऊ देण्यासारखे हे आहे. म्हणून प्रोग्रामचा फोल्डर व त्यातील चालणाऱ्या फाइली व्यवस्थापकाच्या मालकीच्या आणि ७५५, तर नुसती माहिती असलेल्या फाइली ६४४ असाव्यात.

कित्येकदा असे घडते : एखादा प्रोग्राम गुण साठविण्यास नकार देतो. घाईत असलेला मनुष्य साऱ्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळा होतो. प्रोग्राम चालू लागतो, त्यामुळे उपाय बरोबर होता असा समज होतो. वस्तुतः प्रोग्राम जेथे गुण साठवितो तेवढ्याच जागेला, आणि शिक्षकांच्या गटालाच, लिहिण्याचा अधिकार पुरेसा असतो. विंडोजवर ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर मुळातच संरक्षित असतो. तेथेही सर्वांना पूर्ण अधिकार देऊन ते संरक्षण घालवू नये.

मुलांची चित्रे व निबंध यांकरिता वेगळा फोल्डर करावा. सर्वांना लिहिता यावे, पण एकाने दुसऱ्याची फाइल काढू नये, असे हवे असल्यास लिनक्सवर त्याला १७७७ द्यावे. पहिला १ हा त्याच बंदोबस्ताचा होय.

व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामाला वापरू नये. शिवकालातील किल्ल्यांवर हवालदार, सबनीस व कारखानीस यांची कामे वेगवेगळी ठेवलेली असत, हे चौथीच्या वर्गात सांगताना त्याच संदर्भात संगणकाचाही उल्लेख करता येईल. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी लढविलेला चाकणचा संग्रामदुर्ग या भागातील मुलांना जवळचाच आहे.

सर्व मांडणी झाल्यावर मुलाच्या खात्याने संगणक उघडावा व प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल करून पाहावी. यंत्राने नकार दिला, तर त्याच खात्याने प्रोग्राम उघडून एक चित्र साठवून पाहावे. ते साठले पाहिजे.